नाथाचा बेल आणि सुंदराची साक्ष

सर्व भाविकांना, अर्ध्या भाविकांना आणि प्रसादाच्या वेळेपुरते भाविक होणाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेला देव दिसलेला नाही. तिला स्वप्नात दृष्टान्त झालेला नाही, तिच्या घरातल्या तसबिरीतून अंगारा पडलेला नाही, आणि तिच्या हाताचा गुण कुणाच्या गुडघेदुखीलाही आलेला नाही. ज्यांना याहून कमी काही चालत नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं. राग नाही. बाकीच्यांनी जरा सरकून बसावं.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं, आणि दोन्हीकडे मी बोलकी म्हणून बदनाम. हौशी नाटकांतून कामं केली, आणि तीच खोड घेऊन महिला मंडळाच्या एका कामात पडले. त्या कामाला सत्तरच्या सुमारास आमच्याकडे नावही नव्हतं. मार खाल्लेली, लुटलेली, घराबाहेर काढलेली बाई कशीबशी फिर्याद देते; पण पुढे चौकी, दवाखाना, सरकारी वकील, तारीख आणि पुन्हा तारीख या वाटेवर तिच्याबरोबर चालायला कुणी नसतं. मी चालायचे. साक्षीच्या आदल्या दिवशी बाईला घरी आणायचं, माजघरात दोन पाट उभे करून त्यांचा साक्षीदाराचा पिंजरा करायचा, आणि न्यायाधीश, पुकारा करणारा पट्टेवाला, आरोपीचा वकील या सगळ्या भूमिका मी एकटीने करायच्या, ही माझी पद्धत. उत्तरं पढवायची नाहीत, फक्त भीती घालवायची. आरोपीचा वकील मी इतका मनापासून करायचे की एकदा एक बाई मागच्या दाराने पळाली आणि तिला पार विश्रामबागेतून समजूत घालून परत आणावी लागली.

सुंदरा मात्र पळणारी नव्हती. आटपाडीकडच्या एका वाडीतली, तिशीची बाई. नवरा फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. मागे राहिली ती, तिची लहान मुलगी, सासू आणि दीर. रानात आणि विहिरीत तिचा वाटा होता, आणि दिराला तो द्यायचा नव्हता. एका सकाळी बांधावर शब्दाला शब्द वाढला आणि त्याने कुऱ्हाड उचलली. डोक्यावर येणारा घाव सुंदराने डाव्या हातावर घेतला. जीव वाचला, पण त्या हाताची बोटं परत मिटली नाहीत. दवाखान्यातून ती मुलीला घेऊन माहेरी गेली. शेजारच्या रानात दोन माणसं होती. दोघांनीही कोर्टात येऊन आपण काही पाहिलं नाही असं सांगितलं. आता उरली एकटी सुंदरा. ती बोलली नाही तर दीर सुटणार, आणि तिला पुन्हा त्याच घरात, त्याच्याच शेजारी राहावं लागणार. माहेरच्यांची ऐपत तिला जन्मभर ठेवून घेण्याची नव्हती.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी पाट उभे केले, आवाज खर्जात नेला आणि विचारलं, त्या दिवशी काय घडलं ते कोर्टाला सांगा. सुंदरा पाटाकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. मग ती खाली बसली.

"बाई, मला बोलता न्हाई यायचं. नाथापुढं बेल उचललाय मी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. काही दिवसांपूर्वी सासू सुंदराच्या माहेरी आली होती. रडली. एक लेक लढाईत गेला, दुसरा तुरुंगात गेला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू, म्हणाली. मग तिला खरसुंडीला घेऊन गेली आणि सिद्धनाथाच्या पायरीवर तिच्याकडून बेल उचलवून घेतला, की माझ्या लेकाविरुद्ध तोंड उघडणार नाही. सुंदराने उजव्या हाताने बेल उचलला. डावा हात पदराखालीच होता.

आमच्या भागात देवापुढे उचललेला बेल म्हणजे मोडता न येणारी शपथ, हे मी साताऱ्याची असूनही मला कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी मी बुद्धी चालवली. म्हटलं, अगं, कोर्टातसुद्धा ईश्वराचीच शपथ घ्यायची असते, दोन्हीकडे देवच की.

"व्हय," सुंदरा म्हणाली, "पर नाथाची आदी घेतलीया."

यावर उत्तर देईल असा वकील मला आजपर्यंत भेटलेला नाही. यातून मोकळं व्हायची काही वाट आहे का, असं मी विचारलं. तिने सांगितलं, जिने शपथ घातली तिनेच आपल्या तोंडाने सुटली म्हणायचं. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याला अर्थ नाही. "आन् आत्याबाई म्हनत्यात व्हय तसं?" आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात.

सकाळी कोर्टात जाण्याआधी आम्ही गणपतीच्या देवळात गेलो. गाऱ्हाणं घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पूर्वी एकेका तारखेसाठी मी देवाला अशी काही लांबलचक भाषणं दिली होती की मागची रांग खोळंबायची. त्या दिवशी हात जोडले आणि रंगभूमीवर कधी झालं नव्हतं ते झालं, पुढचं वाक्यच आठवेना. सुंदराला शपथ मोड म्हणून सांगू, तर तिचा देव तिच्यापासून तोडते. पाळ म्हणून सांगू, तर तिला कुऱ्हाडीच्या पुढ्यात नेऊन सोडते. काय मागायचं तेच कळेना. शेवटी एवढंच पुटपुटले, तूच बघ बाबा. आणि खरं सांगते, तसं म्हणूनही काही हलकं वाटलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला सासू दिराच्या माणसांत बसलेली दिसली आणि माझे पाय शिवशिवू लागले. जाऊन तिच्यासमोर पदर पसरावा, रडावं, वेळ पडली तर भोवळ येऊन पडावं; सगळे प्रवेश मनात तयार होते. सरकारी वकिलांनी माझा चेहरा ओळखला असावा. ते जवळ येऊन म्हणाले, "बाई, आरोपीच्या माणसांशी एक शब्द जरी बोललात तर तुम्हीच साक्ष फिरवली असं म्हणतील. सुंदराशीही आता बोलू नका. जाग्यावर बसा." मी बसले. असलं बसणं शत्रूवरही येऊ नये. पुकारा होईल तशी मी दचकायचे, तो दुसऱ्याच कुणाचा निघायचा. पदराचं टोक चावून चावून ओलं झालं. मध्येच कपाळाला नाथाचा गुलाल लावलेला, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा आला आणि त्याने प्यायला पाणी मागितलं. सुंदराने त्याला तांब्यातलं पाणी ओतून दिलं. तांब्या तिने उजव्या हाताने धरला, आणि नेहमीच्या सवयीने डावा खाली आधाराला न्यायला गेली. तो हात तसाच अधांतरी थांबला. म्हाताऱ्याने पाणी पिऊन तोंड पुसलं आणि तो चालू लागला. मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

शेवटी सुंदराच्या नावाचा पुकारा झाला. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि तिने शपथ घेतली. त्या दिवशी काय घडलं, असं सरकारी वकिलांनी विचारलं. सुंदरा गप्प. न्यायाधीशांनी समजावलं, भिऊ नका, सांगा. ती गप्प. पिंजऱ्याच्या कडेवर तिची उजवी मूठ आवळलेली मला दिसत होती. आरोपीचे वकील खुर्चीत आरामात रेलले. सरकारी वकिलांनी निरुपायाने म्हटलं, निदान हात तरी कोर्टाला दाखवा. सुंदराने पदर बाजूला केला आणि डावा हात वर धरला. बोटं वाळक्या फांदीसारखी ताठ.

मागच्या बाकावरून कुणीतरी उठल्याचा आवाज आला. सासू उभी होती.

"सुटली गं सुंदरा. माझी शपथ सुटली. बोल आता."

दिराच्या माणसांनी तिला खाली ओढलं, आरोपीच्या वकिलांनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी तिला बाहेर न्यायला सांगितलं. पण सुंदराने तोवर बोलायला सुरुवात केली होती, आणि सगळं सांगून होईपर्यंत ती थांबली नाही. उलटतपासणीतही ती हलली नाही. माजघरातल्या वकिलापेक्षा हा बरा होता, असं तिने मला नंतर सांगितलं.

बाहेर आलो तर सासू पायरीवर एकटी बसलेली. दिराची माणसं तिला तिथेच टाकून निघून गेली होती. सुंदरा तिच्यापुढे जाऊन म्हणाली, उठा आत्याबाई, आता माझ्यासंगट चला. आम्ही तिघी परत गणपतीला आलो. तिथे सासूने सांगितलं, की सकाळी व्हरांड्यात गुलाल लावलेला, घोंगडंवाला एक म्हातारा तिच्याजवळ येऊन बसला, तंबाखूला चुना मागितला, आणि जाताना एवढंच म्हणाला, की सुनेचा हात येकदा बघ म्हातारे. तिने तोवर तो हात पाहिला नव्हता. तो कोण, कुठला, तिला ठाऊक नव्हतं. मीही दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन चौकशी केली. कुणी ओळखत नव्हतं. आपल्या कामासाठी आलेला कुणी मेंढपाळ असेल. मी वाद घालत नाही.

दिराला पुढे शिक्षा झाली. त्या दिवशी सासू ऊर बडवून रडली आणि सुंदराने तिला धरून ठेवलं. तेव्हापासून मला वाटतं, कृपा आली म्हणजे सगळ्यांच्या ताटात साखर पडते असं नाही. आपण तिला वाट करून द्यायची आणि ती कुणाच्या हाताने येईल, याची यादी देवाला द्यायची नाही. मी जन्मभर देवाला संवाद पुरवत आले होते. साक्षीच्या दिवशी माझ्याजवळ एकही नव्हता, आणि त्याचं काही अडलं नाही.

साक्षीनंतरची गणपतीच्या देवळातली ती संध्याकाळ आठवली की अजूनही हात आपोआप जोडले जातात. दिवे लागत होते, मी डोळे मिटून उभी होते, आभार मानायलाही शब्द सुचत नव्हते. आरतीसाठी जमलेल्या साऱ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात सुंदरा म्हणाली,

"बाई, त्यो म्हातारा कोन हुता ते देव जानं, पर तुमी सकाळधरनं गप बसलाय, ह्यो चमत्कार मी माझ्या डोळ्यानं बघितलाय."