तुलारामच्या खिशातला फ्यूज

तुलाराम मिस्त्रीच्या शर्टाचा फुगलेला खिसा म्हणजे आम्हा लाखनीच्या रिकामटेकड्यांचा आवडता विषय. तो दुरुस्ती करायचा त्या राईस मिलमध्ये कोंडा झाडणारी गिरजाबाई तर तोंडावरच विचारायची, "काय जी मिस्त्री, कोनाची चिठ्ठी लपवून राहिले?"

खिशात असायचा चिनी मातीचा फ्यूज. मशीनमध्ये हात घालायच्या आधी तो बोर्डावरून काढून खिशात टाकायचा, हात बाहेर आला की परत लावायचा. ज्याचा हात आत, त्याच्याच खिशात फ्यूज. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिला धडा हाच, तोही शिव्यांसकट.

गेल्या वर्षी आला अश्वजित, रत्नमालाबाईंचा एकुलता एक. आयटीआयचा फिटर. परीक्षा तोंडावर आलेली. परीक्षेत लोखंडाच्या चौकोनी भोकात चौकोनी तुकडा कानशीनं घासून असा बसवायचा, की दिव्यासमोर धरला तर फटीतून उजेड दिसू नये. जन्मात बायकोच्या भाजीलासुद्धा चांगलं न म्हणणारा तुलाराम टपरीवर बोलून गेला, "साल्याच्या हातात जादू हाय."

मग विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी मिलमध्ये मिस्त्र्यांनी खिसे रिकामे करायचे, हत्यारं लाल कापडावर मांडायची आणि आरतीनंतर मशीन एक फेरा फिरवायची, असा रिवाज. अश्वजित बौद्ध घरचा, पूजेला बसत नसे. तेवढ्या वेळात धान वर नेणाऱ्या पट्ट्यात अडकलेला कोंडा काढावा म्हणून त्यानं फ्यूज उपसला. पण तुलाराम उस्ताद सकाळीच गरजले होते, "आज कोनाच्याच खिशात काही नको!" म्हणून त्यानं तो पान्यांशेजारी कापडावर ठेवला आणि मशीनमागे जाऊन हात आत घातला.

आरती संपली. पूजेसाठी आपणच मांडला असेल, असं समजून तुलारामनं हळदकुंकवाचा तो फ्यूज बोर्डावर लावला आणि बटण दाबलं. घंटा अजून वाजतच होती. किंकाळी उशिरा ऐकू आली.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

भंडाऱ्याच्या दवाखान्याबाहेर मालकानं सगळ्यांना बजावलं, "पोरगा फ्यूज काढाले विसरला. एवढंच सांगाचं."

रत्नमालाबाई सरळ तुलारामपुढे येऊन उभ्या राहिल्या. "दादा, माहा पोरगा खरंच विसरला का जी?"

तुलारामनं मालकाकडे पाहिलं. "नाही बाई. त्यानं काढला होता. लावला मी."

त्या पाठ फिरवून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मिलनं तुलारामला दारातूनच परत पाठवलं.

अश्वजितची परीक्षा हुकली. आता रोज दुपारी तुलाराम न बोलावता त्यांच्या अंगणात जाऊन बसतो. रत्नमालाबाई त्याला पाणी विचारत नाहीत, ऊठही म्हणत नाहीत. पोरगा डाव्या हातानं कानस चालवतो. उजव्याचा उरलेला अंगठा आणि एक बोट तिचं टोक दाबून धरतात. कानस घसरते. तुलाराम तुकडा भोकात बसवून उन्हासमोर धरतो.

त्याचा खिसा आता सपाट आहे. गिरजाबाई रस्त्यात भेटली तरी काही विचारत नाही.

"उजेड दिसते का, काका?"

"दिसते."

"लय?"

"घास तू."