साक्ष देताना आप्पा आठवले

मंडळी, दुपारीच घरी आले, तरी दाराची कडी अजून पुन्हापुन्हा तपासतेय.

आमच्या पंचवटीतल्या शेजारणीला तिचा नवरा जिन्यात मारत होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आज नाशिकच्या कोर्टात त्या केसमध्ये माझी साक्ष होती. दाराशीच तिचा दीर आडवा आला. हळूच म्हणाला, "ताई, राहायचंय ना इथंच?"

परत फिरावंसं वाटलं.

तेव्हा आप्पा आठवले. माझे आजोबा. आयुष्यभर चांदवडला वकिली केली त्यांनी. आई नोकरीला लवकर निघायची, म्हणून काळा कोट चढवायच्या आधी ते माझ्या दोन वेण्या घालायचे. बाहेर पक्षकार ताटकळत बसलेले असले, तरी म्हणायचे, "थांबा जरा, आधी नातीचं काम."

एकदा मी विचारलं, "आप्पा, कोर्टात भीती नाही वाटत?"

"रोज वाटते गं. पण मीच मागं सरलो, तर ज्याचं कुणी नाही तो कुणाकडं जाईल?"

गेल्या वर्षी आप्पा गेले.

आज पिंजऱ्यात उभी राहिले. शेजारीण माझ्याकडे टक लावून बघत होती. मग पाहिलं ते सगळं सांगितलं. दाराशी दीर काय म्हणाला, तेही न्यायाधीशांना सांगितलं.

आता खिडकीखाली गाडी थांबली तरी दचकते. उलटतपासणी पुढच्या तारखेला आहे. मी जाणार आहे.

तुमच्यापैकी कुणी अशी साक्ष दिली आहे का? ही धडधड कधी थांबते हो?