पट्टीवरची तारीख

"पंचेचाळीस कुठून काढलंस?"

"सत्तावन्नातून बारा वजा केले, बाबा. एवढं गणित येतं मला."

"खोटं आहे ते."

"मग खरं लिहून चौदा महिन्यांत काय दिवे लागले, सांगा. ऐकते मी."

"आणि पकडलं तर?"

"कोण पकडतंय? केस काळे केलेत. चष्मा खिशात ठेवा. जिना चढताना कठडा धरू नका. आणि कुणी काका म्हणून हाक मारली तर लगेच वळून बघू नका."

"उठताना गुडघ्यावर हात ठेवायचा नाही," आई ओट्याकडूनच म्हणाली.

"तूसुद्धा हिच्याच बाजूने का?"

"मी कुणाच्याच बाजूने नाही. उठायचं कसं तेवढं सांगितलं."

बाबा उठले. हात गुडघ्यावरच होता. मुलीने बघितलं, आईने बघितलं. मुलीने अर्ज घडी घालून त्यांच्या खिशात सरकवला आणि वर खिसा थोपटला.

ज्यांच्या वयाची ही वजाबाकी चालली होती, त्यांनी छत्तीस वर्षं एकाच कारखान्यात पंचिंग मशीन चालवलं होतं. औषधाची, साबणाची, बुटांची खोकी ज्या पुठ्ठ्यातून घडतात तो पुठ्ठा आकारात कापायचं मशीन. एक उभा लोखंडी जबडा. मिनिटाला वीस वेळा उघडतो आणि मिटतो. उघडा असेल तेवढ्यात कापलेला पुठ्ठा काढायचा, कोरा लावायचा आणि हात बाहेर. या कामात अर्ध्याअधिक लोकांचं एखादं तरी बोट गेलेलं असतं. यांची दहाच्या दहा शाबूत होती. पुठ्ठा लावण्याआधी ते त्यावर टिचकी मारून बघायचे, कारण दमट पुठ्ठ्याचा आवाज बसका येतो. त्यावरून कारखान्यात त्यांचं नाव टिचकी पडलं. वय वाढलं तसे त्याचे टिचकीमास्तर झाले.

कारखाना बंद झाला. मशीनं लिलावात गेली, माणसं घरी गेली.

नंतरच्या प्रत्येक मुलाखतीत मास्तर दोन्ही हात टेबलावर पालथे पसरून बसायचे. त्यांच्या धंद्यात यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नव्हतं. समोरचा मात्र हातांकडे न बघता केसांकडे बघायचा. एक म्हणाला, "तुमच्या अनुभवाच्या मानाने ही जागा फारच लहान आहे हो." मास्तर म्हणाले, "मी मावेन." तो हसला आणि पुढच्याला आत बोलावलं. एका ठिकाणी खिडकीतल्या मुलीने अर्ज घेतला आणि विचारलं, "मुलगा स्वतः का नाही आला?" मास्तर तिला म्हणाले, "तो बाहेरगावी असतो." त्यांना मुलगा नव्हता.

आणि मग ही जाहिरात आली. शहराबाहेरच्या एका खोक्यांच्या कारखान्याने लिलावात जुनं पंचिंग मशीन घेतलं होतं आणि ते कुणाच्या हाताखाली धड चालत नव्हतं. मशीनमन पाहिजे, वय पंचेचाळीसपर्यंत. मास्तरांनी चौकशी केली. मशीन त्यांचंच होतं. त्या दिवशी ते घरात कितीतरी महिन्यांनी मोठ्याने बोलले. म्हणून तर मुलीने बारा वर्षं खोडली.

मास्तर कठडा न धरता कारखान्याचा जिना चढले. वर भेटलेला सुपरवायझर तिशीचा होता. चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्यासारखी कळा. त्याने अर्जावरून नजर फिरवली.

"पंचेचाळीस?"

"हो."

"बरं. या काका, मशीन दाखवतो."

मास्तर वळले नाहीत. मग दोन पावलं उशिराने वळले.

मशीन कोपऱ्यात उभं होतं. नवा हिरवा रंग फासला होता, तोही घाईत. नटांवरसुद्धा ओघळला होता. सुपरवायझरने अर्धवट कापलेल्या पुठ्ठ्यांचा ढीग दाखवला.

"डावीकडचा वरचा कोपरा कापतच नाही. पाती बदलली, दाब वाढवला. दाब वाढवला की बाकीचा पुठ्ठा फाटतो. दोन मिस्त्री येऊन गेले. मालकांनी माझं डोकं खाल्लंय."

"पत्रा उघडला होता?"

"कुठला पत्रा?"

मास्तरांनी बाह्या वर केल्या. जबड्याच्या एका बाजूला पाती असतात. दुसऱ्या बाजूला सपाट पोलादी पत्रा, ज्यावर ती येऊन दाबतात. पातं जिथे कमी पडतं तिथे पत्र्याच्या पाठीमागे पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, म्हणजे तेवढीच जागा केसभर पुढे येते. पट्टी लावणारा तिच्यावर पेन्सिलीने काम, तारीख आणि आपलं नाव लिहितो. आणि मास्तरांच्या जुन्या कारखान्याचा नियम असा, की जुनी पट्टी काढण्याआधी ती मोठ्याने वाचायची. दुसऱ्या पाळीच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे कुणाचं काम उचकटलं जातंय. छत्तीस वर्षांत मास्तरांनी एकही पट्टी मुक्याने काढली नव्हती.

त्यांनी चार खिळ्या काढून पत्रा उतरवला. मागे डाव्या कोपऱ्यात पिवळी पडलेली, कडेने कुरतडलेली, दोन थर झडून एकच उरलेली पट्टी होती. त्यांनी बोटाने धूळ पुसली, खिशातून चष्मा काढून लावला आणि नेहमीच्या पाळीच्या आवाजात वाचलं, "डावा कोपरा, तीन थर. मशीनचीच खोड आहे, काढू नये. टिचकी." खाली तारीख होती. तीही वाचली. दिवस, महिना, साल.

"हे मीच लिहिलंय," ते म्हणाले. "नवं कोरं आलं होतं तेव्हा. खोक्यातून आम्हीच उतरवलं. पहिल्याच दिवशी हा कोपरा असाच अडला होता. म्हटलं, बाई, तुझी खोड मला कळली."

सुपरवायझर पट्टीकडे बघत होता. मग हातातल्या अर्जाकडे.

"याला एकतीस वर्षं झाली."

मास्तरांच्या हातातला पत्रा जरा खाली आला.

"म्हणजे तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे होतात, काका?"

मास्तरांनी तोंड उघडलं. लहानपणीच कामाला लागलो, असं म्हणता आलं असतं. पण समोर त्यांचं स्वतःचं अक्षर होतं, पक्क्या वळणाचं, सव्वीस वर्षांच्या माणसाचं.

"सत्तावन्न," ते म्हणाले. "सत्तावन्न पूर्ण आहेत. काम मात्र पंचेचाळिशीच्या माणसापेक्षा कमी पडणार नाही."

सुपरवायझरने मालकाच्या बंद केबिनकडे बघितलं. "आमचा विमा पन्नासच्या वर घेत नाही. पण बोलून बघतो. तोवर तुम्ही हे सुरू करून दाखवता का? म्हणजे मला आत सांगायला काहीतरी होईल."

मास्तरांना एवढंच हवं होतं. त्यांनी पातळ कागद मागवला. सुपरवायझरने कात्री पुढे केली.

"कात्री नाही. फाडायचा. कापलेल्या कडेची पायरी होते, ती पुठ्ठ्यावर उमटते. फाडलेली कड विरत जाते."

"थांबा, हे परत करा. मोबाईलवर घेतो."

मास्तरांनी परत फाडून दाखवला. पहिला थर मोठा, दुसरा लहान, तिसरा अंगठ्याएवढा. खळ किती पातळ लावायची, पत्रा बसवताना आधी कुठली खिळी घालायची, पुठ्ठा दमट असेल तर कसा वाजतो, सगळं सांगितलं. सुपरवायझर मध्येच म्हणायचा, "मास्तर, जरा उजेडात हात घ्या." आता काका सुटलं होतं. मास्तर हात उजेडात घ्यायचे. जेवायची वेळ टळून गेली, डबा तसाच खुंटीला राहिला.

दुपारी जबडा मिटला, उघडला, आणि औषधाच्या खोक्याचा आकार चारही कोपऱ्यांनी सुटून हातात आला. एक, दहा, शंभर. मग मास्तर बाजूला झाले आणि सुपरवायझर स्वतः उभा राहिला. त्याचा हात पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, नंतर बसला.

"हात बाहेर म्हणजे बाहेर," मास्तर म्हणाले. "तिथे रेंगाळायचं नाही."

सुपरवायझर केबिनमध्ये गेला. जाताना मोबाईल घेऊन गेला. दाराच्या काचेतून दिसत होतं, मालक खुर्चीत पुढे वाकून मोबाईलमध्ये बघत होता. मान हलवत होता. एकदा हसलाही. मास्तर स्टुलावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. बघता बघता एवढा वेळ गेला की मशीन पुसून झालं, नटांवरचा रंग नखाने खरवडून झाला.

सुपरवायझर बाहेर आला तेव्हा त्याने आधी मशीनकडे बघितलं.

"मालक खूश झाले. म्हणाले, असं काम बघितलं नव्हतं."

"मग?"

"विम्याचं नाही जमणार म्हणतात. आणि आता मलाही येतंय, तर वेगळा माणूस..." त्याने वाक्य तिथेच सोडलं. "माझ्या हातात असतं तर, मास्तर, खरंच."

मास्तरांनी बाह्या खाली केल्या. बटणं लावली. खुंटीवरचा डबा काढला.

"एक विचारायचं होतं," सुपरवायझर म्हणाला. तो मोबाईलवर चित्रीकरण पुढेमागे करत होता. "उद्या कुठे अडलं तर फोन केला तर चालेल ना? नंबर तुमच्या अर्जावर आहे तोच का?"

मास्तर पुठ्ठ्यांच्या ढिगाला वळसा घालून, कठडा धरून जिना उतरून गेले.