लाल पट्ट्यांच्या चित्रापुढं

ऑइलपेंटचा वास आला की मला शाहूपुरीतलं आधुनिक चित्रांचं ते छोटं संग्रहालय आठवतं. स्थळ आलं होतं, पण पोह्यांची बशी घेऊन पुढं जायचं नाही, बाहेरच भेटायचं, असा माझा हट्ट होता. म्हणून आम्ही तिथं भेटलो. नुसत्या लाल पट्ट्यांच्या भल्यामोठ्या चित्रापुढं दोघंही गंभीर चेहऱ्यानं उभे राहिलो. ‘यात खोल दुःख आहे,’ मी म्हणाले. तो मान हलवत राहिला, मग हळूच म्हणाला, ‘खरं सांगू काय? मला ह्यातलं काय बी कळलं न्हाय.’ ‘मला तरी कुठं कळलंय,’ असं म्हणताना मला हसू आवरेना. तोही हसत सुटला. रखवालदार म्हणाला, ‘पावणं, हसायचं असंल तर भाईर जावा की.’ आम्ही गेलो. मिरच्या कांडणाऱ्या चटणीच्या गिरणीसमोर शिंकत, गाड्यावरची भेळ खात आम्ही सगळी शाहूपुरी पालथी घातली. घरी आईनं विचारलं, ‘नोकरी काय करतोय?’ ते विचारायचं मी साफ विसरले होते. ‘मग एवढा वेळ बोलत काय होतासा?’ मी तिथल्या तिथं होकारच देऊन टाकला. घाईत घेतलेले माझे बाकीचे निर्णय बहुतेक चुकले. हा तेवढा आजही बरोबर वाटतो.