जाड मासा लेकीला

पक्ष्यांच्या राखीव तळ्यावर वीस वर्षं राखण करणाऱ्या त्या उंच, काटकुळ्या माणसाला सगळे बगळा म्हणत आणि तोही निमूट ओ देई. तळ्यात मासेमारीला बंदी होती. फक्त पंधरवड्यातून एकदा तो प्रयोगशाळेच्या बाईंसाठी जाळं टाकी, कारण भोवतालच्या शेतांतलं फवारणीचं औषध पाण्यात उतरतं अशी तक्रार होती. बाईंना सहा मासे लागत, उरलेले त्याचे.

आता निवडायचे कुणी, तर बगळ्यानेच. मग बापाचा हात कुठे वळणार? लेक दोन गल्ल्या पलीकडे राहायची, पहिलटकरीण, सातवा महिना. पोटाला चरबी धरलेले, हातात न मावणारे मासे डबा भरून तिच्याकडे जात आणि हडकुळे बाईंकडे. त्यांचा शेवटी लगदाच तर करायचा, त्याला गुबगुबीत मासा कशाला, असं तो स्वतःशी म्हणे.

अहवाल आला. विष आहे, पण मर्यादेच्या आत. साहेब लोक खूश झाले. बाईंच्या कपाळावरची आठी मात्र जाईना, कारण यंदा तळ्यावरची पक्षीण उबवायला बसली की घरट्यातली अंडी तडकत होती.

"अहवाल बरा आहे, मग कवचं कागदासारखी का होतायत?" बाई म्हणाल्या. "हे औषध चरबीत साठतं, काका. मासा जितका जाड, तितकं जास्त."

बगळ्याच्या पायाखालची जमीन सरकली. पाच महिने तो डबे पोचवत होता. आपण जन्मभर खाल्ले, काय झालं, असं त्याने मनाला समजावून पाहिलं, पण मन ऐकेना. नमुने निवडून दिले हे कळलं तर नोकरी जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण पोटातल्या जिवापुढे नोकरी ती काय? त्याला ती तडकलेली अंडी दिसत राहिली आणि तो जवळजवळ धावतच लेकीकडे गेला.

ती जेवायला बसली होती. त्याने पुढचं ताट ओढून घेतलं आणि अडखळत सगळं सांगितलं. ती पोटावर हात ठेवून ऐकत राहिली.

"बाबा, मला तर वासही सोसत नव्हता," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही एवढ्या मायेने आणता म्हणून डोळे मिटून गिळत होते."

त्याने तिच्या फ्रीजमधला उरलेला कच्चा तुकडा पिशवीत घातला आणि तसाच प्रयोगशाळेत गेला. बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली आणि नमुना कुठला ते विचारलं.

"तळ्यातलाच," तो म्हणाला. "पण लेकीच्या वाट्याचा. जाड ते सगळे तिला दिले, बाई. सातवा महिना आहे तिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं.