चार बोटं खाली

मी चौथी शिकलेला शिंपी. पण गडचिरोलीच्या बाजारात माझ्या हातच्या कपड्याला आजवर कोणी नाव ठेवलं नाही. त्याच ताठ्याची ही गोष्ट आहे, सांगायला लाज वाटते.

पोरगी पोलिसात, जंगलात गस्तीवर जाते. गोळी अडवायचं जाकीट तिनं खोळ धुवायला घरी आणलं होतं. आत जाड पाटी, खांद्यावर पट्टे. मी तिला घालायला लावलं. खाली बसली तर पाटी हनुवटीला टेकली.

"गाडीत असंच लागते, बाबा."

"आण इकडं."

"राहू द्या. लहान पाटी मागितली हाय मी."

"काऊन? तुह्या साहेबाले सुई धरता येते काय?"

गळा काचला की गळा उतरवायचा, एवढंच मला ठाऊक. पट्टे सोडले, पाटी चार बोटं खाली घेतली आणि सरकू नये म्हणून पट्टे दुहेरी दोऱ्यानं तिथंच पक्के शिवले. पोटही झाकलं गेलं, मला बरं वाटलं. शेजारच्या पानठेल्यावर सांगूनही आलो.

आठ दिवस ती तेच घालून जंगलात फिरली. मग तपासणीत साहेबानं तिला रांगेबाहेर काढलं. कोणी शिवलं, विचारलं. ती म्हणाली, "मीच, सर."

घरी आली ती ओरडली नाही. माझी बोटं धरून स्वतःच्या गळ्याखालच्या खळग्यावर ठेवली.

"पाटीची कड इथी पाह्यजे. याच्याखाली काळीज हाय. तुमी वरची चार बोटं उघडी ठेवली."

"अन् हनुवटीले लागते त्याचं?" मी तरी विचारलंच.

"लागू द्या. लहान पाटी येईपर्यंत लागू द्या."

मी उसवायला बसलो. शिलाई माझीच, निघता निघेना. ब्लेडचं एक पातं मोडलं. प्रत्येक टाक्याला ते आठ दिवस डोळ्यापुढं येत होते. उसवून झाल्यावर तिनं पट्टे वर ओढले, त्यांची चिकटपट्टी दाबली. झालं. शिंप्याचं कामच नव्हतं त्यात.

ती निघाली तेव्हा पानठेलेवाला ओरडला, "काऊन भाऊ, जाकिटाले आणखी काई केलं काय?"

मीच बिघडवलं होतं, एवढंच म्हणायचं होतं.

"केलं थोडंसं," मी म्हटलं.

पोरगी पायरीवर बुटाची नाडी बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही.