घासून आलेला डबा

आमच्या ह्यांना गावात सगळे ईश्वरप्पा किराणावाले म्हणतात. वीस वर्षं झाली लग्नाला, पण ह्या माणसाचं बोलणं म्हणजे 'हाव' आन् 'न्हाई'. भांडायचं तरी मला एकटीलाच! चाकूरच्या अलीकडं फाट्यावर आमचं दुकान. सासरे वारले ते दिवस सोडले तर त्या दुकानाचं शटर दिवसाउजेडी खाली आलेलं मी बघितलं न्हाई.

लेक एकच, वर्षाराणी. डॉक्टर करायची म्हणून दहावीनंतर लातूरला क्लासला घातली. तिथं पोरींसोबत खोली केली. मेसचं जेवण तिला रुचेना, मग इकडच्या सगळ्यांसारखा आम्हीबी एसटीनं डबा धाडायला लागलो. सकाळी साडेआठच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली करायचा, पोरगी लातूरच्या स्टँडवर घेणार, आन् रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. झाकणावर ह्यांनी रंगानं तिचं नाव लिहिलेलं.

पुढं पुढं डबा उरून यायला लागला. अर्धी भाकरी, भाजी तशीच. माझं डोकं फिरायचं. फोनवर झापायची, "पहाटं उठून मी भाकरी थापते, आन् तू माघारी धाडतीस? पुन्हा अन्न परत आलं तर बघ!"

आन् मग डबा घासून यायला लागला. लखलखीत, पुसून कोरडा केलेला! शेजारच्या बसम्माला बोलावून दाखवला. "बघ गं, घरात खरकटी वाटी न उचलणारी माझी लेक शहाणी झाली." तीन आठवडे मी हेच मिरवत होते.

एका संध्याकाळी ह्यांनी डबा हातात घेतला, उघडला, आतून बोट फिरवलं. म्हणले, "गौरा, हिनं कधी ताट तरी घासलंय का?"

"शिकली आता! तुम्हाला कशाचं कौतुकच न्हाई."

ह्यांनी झाकण लावून डबा ठेवून दिला. पण दुसऱ्या दिवशी डबा कंडक्टरला दिलाच न्हाई. शटर खाली ओढलं आन् डबा मांडीवर घेऊन स्वतःच गाडीत बसले. मी ओरडतेय, "अहो, गिऱ्हाईक उभं हाय!" गाडी गेलीसुद्धा.

तिथं काय झालं ते मला नंतर वर्षीनंच सांगितलं. अप्पा खोलीबाहेरच्या पायरीवर बसले. टेस्ट न्हाई, मार्क न्हाई, काही विचारलं न्हाई. डबा उघडला, भाकरी मोडली, अर्धी तिच्यापुढं ठेवली आन् आपली अर्धी खायला लागले. तिनं एक तुकडा उचलला आन् परत ठेवला. म्हणली, "अप्पा, घास उतरतच न्हाई." आन् रडायलाच लागली. रोजचा डबा गल्लीतल्या गाईला घालायची. झोप न्हाई, पेपर पुढं आला की छातीत धडधड, सगळं सोडून कुठंतरी निघून जावं असं वाटायचं. आन् आई चिडते म्हणून डबा घासून धाडायची.

संध्याकाळी हे तिला घेऊनच घरी आले. मला म्हणले, "उद्या मनाच्या डॉक्टरकडं न्यायची."

मी उसळलेच. "माझी पोरगी येडी हाय का? लोक काय म्हणतील?"

वीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांचा आवाज चढला. "ताप आला असता तर नेली असतीस का न्हाई?" मग हळूच म्हणले, "तुझ्या रागाला भिऊन पोरगी उपाशी राहिली, गौरा."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. चुलीपुढं बसून पोटभर रडले. सकाळी त्या दोघांच्या आधी मीच गाडीत चढले.

डॉक्टरीणबाई लई मायाळू. पोरीशी तासभर बोलल्या, थोड्या गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी बोलावलं. आम्हाला म्हणल्या, फोनवर मार्क विचारू नका. आठ दिवस पोरीला घरी ठेवली. परत जाताना मी वर्षीला जवळ घेतलं. "उरलं तर उरलेलं धाड. मी चिडणार न्हाई... म्हणजे चिडेन, माझा सोभावच हाय. पण तू लपवू नको, माय."

डबा पुन्हा उरून यायला लागला. अर्धी भाकरी परत आली म्हणून महादेवाला हात जोडणारी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन! आता दर बुधवारी आन् शनिवारी शटर खाली असतं. डबा घेऊन हे स्वतः जातात, तिच्यासोबत जेवतात, परत येतात. गिऱ्हाइकांनाबी सवय झाली. वर्षी म्हणली, "यंदा परीक्षा देते, न्हाई जमलं तर दुसरं काहीतरी शिकते." हे म्हणले, "हाव."

गेल्या सोमवारी संध्याकाळी डबा उघडला आन् नाक दाबायची वेळ आली. धपाट्याचं तेल वाळलेलं, ठेचा कडेला चिकटलेला, पण आत एक कण शिल्लक न्हाई. मी तणतणत फोन लावला. "काय गं, डब्यात नुसतं पाणी घालायला हात झिजतात का तुझे?"

बोलून गेले आन् जीभ चावली.

तिकडं पोरगी हसली. खळखळून, लहानपणी हसायची तशी. "आई, लई भूक लागली होती गं! उद्या दोन धपाटे जास्तीचे दे. आन् डबा तूच घास."

मी फोन ह्यांच्या कानाला लावला. तिचं हसणं ऐकून ह्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आन् तेवढंच म्हणले, "हाव." मी डबा घेऊन मोरीवर गेले आन् घासत बसले.